एकोणीस नंबरची बेल

ही गोष्ट माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडली. ऐकीव नाही, कुणाच्या मित्राच्या मित्राचीही नाही.

वहिनीला मी सोळा वर्षं ओळखतो. ती तिखटमीठ लावून बोलणारी बाई नाही. तिला ताप आला तरी ती आधी आकडा सांगते, मग कुठं दुखतंय ते. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून आत जाते. म्हणून तिनं हे सगळं सांगितलं तेव्हा मी ते खरं धरलं.

आणि हो, रात्रीची वाट बघू नका. हे भर दुपारी घडलं. एका दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. सोमवार ते गुरुवार. वेळ रोज तीच.

तीन वाजून वीस मिनिटं.

वहिनी एका छोट्या कंपनीत आहे. दवाखान्यात पेशंटच्या उशाशी बेलचं बटण असतं ना? ते दाबलं की सिस्टरच्या खोलीबाहेरच्या पॅनलवर बेडचा नंबर पेटतो. त्या पॅनलच्या आतला प्रोग्रॅम वहिनी लिहिते. चौदा वर्षं हेच काम.

त्या वॉर्डातून तक्रार आली होती. पॅनल रोज दुपारी गोठतं. एकही बेल वाजत नाही. कुणीतरी स्टुलावर चढून वायर काढून परत लावली की सुरू होतं. दोन महिने सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. मग एका दुपारी सात नंबरच्या आजोबांनी वीस मिनिटं बटण दाबलं, शेवटी स्वतःच उठायला गेले आणि पडले. मांडीचं हाड मोडलं.

मग मालकांनी वहिनीलाच पाठवलं.

ती आधीच थकलेली होती. घरी मुलीची परीक्षा, दादाची पाठ धरलेली, ऑफिसात दोन माणसांचं काम एकटीच्या गळ्यात. ती म्हणाली, "मला त्या दिवशी फक्त वायर सैल निघायला हवी होती. स्क्रू आवळायचा आणि घरी जायचं."

वायर सैल नव्हती.

वॉर्ड साधाच. अठरा बेड, समोरासमोर नऊ-नऊ. एका टोकाला सिस्टरची खोली, दुसऱ्या टोकाला खिडकीजवळ चादरींचं पांढरं लोखंडी कपाट. मेट्रनबाई पन्नाशीच्या, डोळ्यांखाली काळं. त्यांनी पॅनल दाखवलं आणि म्हणाल्या, "बघा बाई काय ते. माझ्याकडे दोन सिस्टर आणि एक मावशी. बेल बंद पडली की मी अठरा जणांकडे पायी फिरते."

वहिनीनं लॅपटॉप जोडला आणि वाट बघत बसली.

दुपारची वेळ. जेवणं झालेली. पंखे फिरतायत. कुणी घोरतंय, कुणी नुसतं छताकडे बघतंय. वॉर्डातली मावशी दाराशी स्टुलावर पाय लांब करून बसलेली.

तीन वीस झाले.

आणि पॅनलच्या आतून एक बारीकसा आवाज आला…

टिक.

पॅनल गोठलं.

आता इथं थोडं समजून घ्यावं लागेल. वहिनीनं मला जसं सांगितलं तसंच सांगतो.

पॅनलमधला प्रोसेसर सतत काहीतरी काम करत असतो. बटण दाबलं गेलं की त्याच्या एका वायरीला झटका बसतो. याला इंटरप्ट म्हणतात. म्हणजे आपण भाजी ढवळत असताना कुणी हाक मारावी तसं. प्रोसेसर हातातलं काम खाली ठेवतो, कुठवर आलो होतो ते लिहून ठेवतो आणि एक यादी उघडतो. ती व्हेक्टर टेबल. तिच्यात प्रत्येक हाकेचा नंबर आणि त्या नंबरसाठी कुठं जायचं तो पत्ता. पाच नंबरची हाक आली तर पाचव्या ओळीतल्या पत्त्यावर जा, तिथं सांगितलेलं काम कर, परत ये, भाजी ढवळ.

यादीत काही ओळी वापरात नसतात. त्यांनाही काहीतरी पत्ता द्यावाच लागतो. दोन महिन्यांपूर्वी वॉर्डात नवं पॅनल बसलं, तेव्हा वहिनीनं अशा सगळ्या ओळींना एकच पत्ता दिला होता. तिथं गेलं की प्रोसेसर जागच्या जागी गोल फिरत राहतो. मुद्दामच तसं केलं होतं. जी हाक यायलाच नको ती आली, तर चूक लपून राहू नये म्हणून.

तर पॅनल त्याच जागी अडकलं होतं. वहिनीनं प्रोसेसरला विचारलं, तू कितव्या नंबरच्या हाकेला गेला आहेस?

उत्तर आलं, एकोणीस.

वॉर्डात बेड अठरा.

तिनं पॅनलचं झाकण उघडलं. अठरा जागी अठरा वायरी. एकोणिसावी जागा रिकामी. स्क्रूवर धूळ. शिवाय प्रोग्रॅममध्ये एकोणीस नंबरची हाक ऐकायचीच नाही, असं बंद करून ठेवलेलं.

"म्हणजे कसं सांगू," वहिनी मला म्हणाली, "दाराला कुलूप आहे. दारापर्यंत रस्ताही नाही. आणि घरात माणूस उभा आहे."

तिला भीती वाटली नाही. तिला वैताग आला. कुठूनतरी वीज उडी मारत असेल, मोठ्या मशीनचा त्रास असेल. तिनं एकोणिसाव्या ओळीत नवा पत्ता लिहिला. तिथं एवढंच काम, हाक आली की वेळ नोंदव, ती किती लांबली ते नोंदव आणि मुकाट्यानं परत जा. पॅनल आता गोठणार नव्हतं. संध्याकाळी ती घरी आली आणि न जेवता झोपली.

मंगळवारी चारच्या सुमारास तिनं नोंद उघडली.

पहिली हाक तीन वीसला. मग चाळीस सेकंदांनी दुसरी. मग दीड मिनिटानं. मग लागोपाठ पाच. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा…

एकूण एक्केचाळीस.

शेवटची तीन बावन्नला. ती सर्वांत लांब. जणू कुणी बटण अकरा सेकंद दाबून धरलं होतं.

त्यानंतर काहीच नाही.

बुधवारी ती मुद्दाम तिथंच बसली, लॅपटॉप मांडीवर घेऊन. तीन वीसला पडद्यावर पहिली ओळ उमटली. चाळीस सेकंदांनी दुसरी. तिनं शेजारी मंगळवारची नोंद उघडली.

सेकंदासेकंदाला तीच.

"खराब वायर दोन दिवस सारखी वागत नाही," ती म्हणाली. "वीज अशी पाठ करून येत नाही. हे कुणीतरी दाबल्यासारखं होतं. आधी सावकाश. मग घाईनं. मग दमून थांबल्यासारखं."

तिनं आणखी एक गोष्ट टिपली. त्या बत्तीस मिनिटांत वॉर्डातलं घोरणं थांबलं होतं. कुणी बोलत नव्हतं. अठराच्या अठरा जण जागे होते, आणि जो तो दुसरीकडेच बघत होता. खिडकीकडे तोंड करून एकही जण नव्हता.

तीन बावन्नला शेवटची नोंद आली. अकरा सेकंद.

मग कुणीतरी खोकलं. कुणीतरी पाणी मागितलं. वॉर्ड पुन्हा सुरू झाला.

वहिनी उठून मावशीपाशी गेली.

"मावशी, इथं कधी एकोणीस बेड होते का?"

मावशी टॉवेलाच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण घडी वाकडी पडली.

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी विचारते आहे."

"होता एक. तिकडे खिडकीशी. आता कपाट आहे तिथं."

"कोण होतं त्यावर?"

मावशीनं आधी सिस्टरच्या खोलीकडे पाहिलं. मग हळूच बोलायला लागली.

"शिवणवाल्या आजी म्हणायचो आम्ही. पूर्वी कपडे शिवायच्या. एक बाजू लुळी पडलेली, नुसता उजवा अंगठा चालायचा. पण बाई, काय बेल वाजवायच्या! पाणी द्या. उशी सरकवा. पडदा ओढा. कधी तर काहीच नको. गेलं की म्हणायच्या, काही नाही ग, आहात ना सगळ्या, एवढंच बघितलं. दिवसातून शंभर वेळा. आम्ही हात टेकले होते."

"मग?"

"मग एक दिवस बेल बंदच झाली त्यांची. बटण दाबलं तरी वाजेना. मेट्रनबाईंनी कंपनीला फोन केला होता म्हणे. आम्ही आळीमिळी गुपचिळी. खरं सांगू का, बरं वाटलं. दुपारचं अर्धा तास बसायला मिळायला लागलं."

"आणि आजी?"

"तिसऱ्या की चौथ्या दिवशी गेल्या. चारला चहा द्यायला गेले तर…" मावशीनं घडी पुन्हा उघडली आणि पुन्हा घातली. "अंगठा बटणावर तसाच. आत दाबलेला. मलाच सोडवायला लागला."

"तुम्ही कुठं होतात तेव्हा?"

"इथंच की. याच स्टुलावर. डबल ड्यूटी झालेली. आवाजच आला नाही तर जाणार कशी मी?"

"आला असता तर गेला असतात?"

मावशीनं टॉवेल मांडीवर ठेवला.

"तेव्हा?" ती म्हणाली. "लगेच नसते गेले. खोटं कशाला बोलू."

किती वर्षं झाली, असं वहिनीनं विचारलं. मावशीनं बोटांवर मोजलं. सात.

वहिनी तशीच ऑफिसला गेली. बाकीचे घरी निघत होते. तिनं त्या वॉर्डाच्या जुन्या पॅनलचा प्रोग्रॅम शोधून काढला. तिच्या कंपनीत एक शिस्त आहे. कुणीही एक ओळ बदलली तरी तारीख, कारण आणि नाव लिहायचं.

जुनं व्हेक्टर टेबल. एक ते अठरा, प्रत्येक ओळीत बेल वाजवण्याचा पत्ता.

एकोणिसाव्या ओळीत दुसराच पत्ता. तिथं काहीच काम नव्हतं. हाक आली की आल्या पावली परत जा, एवढंच.

शेजारी टीप होती. 'बेड १९, बटण खराब, सारखं वाजतं. वॉर्डातून फोन आला म्हणून बंद केलं.'

सात वर्षांपूर्वीची तारीख.

खाली नाव…

वहिनीचं.

तिला काही आठवेना. खूप ताण दिला तेव्हा एवढंच आठवलं की त्या आठवड्यात मुलगी दहा महिन्यांची होती आणि तिला ताप होता. मांडीवर मूल, पलंगावर लॅपटॉप, एका हातानं टायपिंग. फोन आला असेल. नियम असा की आधी माणूस पाठवायचा, बटण तपासायचं, मगच बंद करायचं. तिनं कुणाला पाठवलं नव्हतं. एक ओळ बदलली, पाठवून दिली आणि झोपली असेल.

"मला तो फोनसुद्धा आठवत नाही रे," ती मला म्हणाली. "एवढं मोठं काम मी केलं आणि मला आठवतही नाही."

मग तिच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली.

नव्या पॅनलमध्ये रिकाम्या ओळीवर गेलं की सगळं गोठतं, म्हणून दोन महिन्यांनी का होईना, कळलं. जुन्या पॅनलमध्ये हाक येऊन मुकाट्यानं परत जात होती. आवाज नाही, नोंद नाही.

म्हणजे हे दोन महिन्यांपूर्वी सुरू झालंच नव्हतं.

सात वर्षं रोज दुपारी ती हाक येत होती. एक्केचाळीस वेळा. आणि वहिनीनं लिहिलेली ओळ तिला रोज एक्केचाळीस वेळा परत पाठवत होती.

रात्री तिनं दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "तू दमली आहेस. रजा टाक." ती म्हणाली, "दमलेय म्हणूनच तर हे झालं." आणि कूस बदलून पडून राहिली. झोपली नाही.

सकाळी तिनं मालकांना फोन केला. मालक वाईट माणूस नाही, पण त्याला दहा ठिकाणची भोकं बुजवायची असतात.

"अगं, एकोणीसला परत पाठवणारी ओळ लिही आणि ये निघून. एका ओळीचं काम."

"ती ओळ मी एकदा लिहिली आहे," वहिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

गुरुवारी ती दुपारी दोनला वॉर्डात गेली. एकोणिसाव्या ओळीत तिनं तोच पत्ता लिहिला जो बाकीच्या अठरा ओळींत होता. बेल वाजव, नंबर दाखव. सिस्टरनं बेडपाशी जाऊन, उशाशी असलेलं 'रद्द'चं बटण दाबेपर्यंत थांबू नको.

मेट्रनबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मावशी बोलली ना तुमच्याशी?"

"हो."

"बटण खराब नव्हतं," मेट्रनबाई म्हणाल्या. "फोन मीच केला होता. मला वाटलं, तुम्ही कोणीतरी बघायला याल. तुम्ही आलात तर मी सांगेन, नाही हो, चालू राहू द्या. तुम्ही आलाच नाहीत. पाच मिनिटांत बंद झालं."

दोघींतली एकही रडली नाही. वहिनी म्हणते, रडायलाही अंगात त्राण लागतं.

तीन वीस झाले.

घोरणं थांबलं. पंख्यांचा आवाज तेवढा उरला. मग…

टिक.

आणि बेल वाजली.

पॅनलवर लाल आकडा पेटला. एकोणीस.

दोन्ही सिस्टर खोलीतून बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या. मावशी भिंतीला चिकटली. बेल वाजतच होती. सात वर्षं दाबलेला आवाज एकदम फुटावा तशी. एका पेशंटनं कानावर उशी घेतली.

कुणीच हलेना.

शेवटी वहिनी निघाली. दोन्ही बाजूंचे बेड, मधून सरळ वाट. पंचवीस पावलं असतील. ती म्हणते, "पाय शिशाचे झाले होते. पण भीतीनं नाही. मला लाज वाटत होती."

ती कपाटापाशी पोचली. कपाट भिंतीला टेकलेलं. मागं बटण नाही, वायर नाही. भिंतीवर नुसत्या दोन भोकांच्या खुणा, वर रंग मारलेला. तिनं कपाट उघडलं.

चादरी. घड्या घातलेल्या, स्वच्छ, एकावर एक.

तिनं मधल्या फळीवर हात ठेवला…

चादर गरम होती.

उन्हानं तापते तशी नाही. खिडकीचा पडदा ओढलेला होता. बराच वेळ कुणी झोपून नुकतं कुशीवर वळलं की अंगाखालची चादर जशी लागते, तशी.

वहिनीनं हात काढला नाही.

"आले मी," ती म्हणाली. "काय हवंय, आजी?"

उत्तर आलं नाही. वारा आला नाही, पडदा हलला नाही, कुणी दिसलं नाही. तसलं काहीच झालं नाही.

फक्त बेल थांबली.

ती परत पॅनलपाशी आली. मेट्रनबाई लॅपटॉपकडे बोट दाखवत होत्या. नोंदीत दोन ओळी होत्या.

एकोणीस, हाक, तीन वीस.

एकोणीस, रद्द, तीन बावीस. बेडपाशी.

त्या जागी रद्दचं बटण नाही. सात वर्षांपूर्वी बेडबरोबर तेही काढून टाकलेलं. वहिनीच्या हातात काही नव्हतं आणि अठरा माणसं तिच्याकडे बघत होती.

त्या दिवशी तीन बावीसनंतर एकही हाक आली नाही. बाकीच्या चाळीस आल्याच नाहीत.

त्याला आता दीड वर्ष झालं. बेल अजून वाजते. रोज, तीन वीसला. कुणीतरी जाऊन कपाट उघडतं, "आले हो," म्हणतं आणि ती थांबते. मेट्रनबाईंनी ड्यूटीच्या तक्त्यातच लिहून टाकलंय, '३.२०, कपाट'. नव्या सिस्टर कारण विचारतात. त्यांना कुणी सांगत नाही. एकदा खूप गर्दी होती म्हणून कुणी गेलं नाही, तर पुन्हा एक्केचाळीस. शेवटची अकरा सेकंदांची.

वहिनीनं नोकरी सोडली नाही. पण त्या महिन्यात तिनं चौदा वर्षांचे सगळे जुने प्रोग्रॅम काढले. रोज ऑफिस सुटल्यावर एक-एक व्हेक्टर टेबल ओळीनं बघत गेली. तिच्या नावाची आणखी कुठं कुठं अशी ओळ आहे, हे शोधत. हाक आली की मुकाट्यानं परत पाठवणारी.

अकरा निघाल्या. वेगवेगळी गावं, वेगवेगळे दवाखाने.

ती प्रत्येक ठिकाणी फोन लावते. आधी नाव सांगते, कंपनी सांगते. मग विचारते, "तुमच्याकडे अमुक नंबरच्या बेडवर त्या वर्षी कोण होतं, कळेल का?" लोक वैतागतात. काही जण तिला वेडी समजतात. एका ठिकाणच्या म्हाताऱ्या नर्सनं नुसतं ऐकून घेतलं आणि उलट विचारलं, "तुमच्याकडेही वाजते का?"

नऊ ठिकाणी बोलणं झालं आहे. कुठं काय निघालं ते वहिनी मला सांगत नाही. मीही विचारत नाही.

उरलेल्या दोन ठिकाणी ती दर आठवड्याला फोन लावते. परवा मी तिच्या शेजारीच बसलो होतो. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. तिनं पुन्हा लावला. मग पुन्हा.

तिकडे कुणी उचलत नाही.